लीड्सची पोटदुखी

उजव्या कुशीत खाली दुखते आहे, अंगात कसर आहे, एकदा उलटी झाली आहे. पोट उघडायचे की सकाळपर्यंत वाट पाहायची? उघडले आणि अपेंडिक्स निरोगी निघाले, तर रोग्याने चिरफाड विनाकारण सोसली. थांबलो आणि ते आत फुटले, तर जिवावर बेतते. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन नव्हते तेव्हा हा निवाडा सर्जनच्या बोटांवर आणि आठवणीवर चाले.

१९५९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांनी निदानामागचा हा तर्क गणितात मांडला. लेडली मूळचे दंतवैद्य, लस्टेड क्ष-किरणतज्ज्ञ. त्यांच्या हाताशी होता थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेलेला संभाव्यतेवरचा निबंध.

त्यातली मेख कल्पित आकड्यांनी पाहू. एक लक्षण अपेंडिक्सच्या शंभरातल्या ८० रोग्यांत दिसते, इतरांच्या शंभरातल्या २० जणांत. पोटदुखीच्या १०० रोग्यांपैकी २५ जणांना अपेंडिक्स असेल, तर लक्षण दिसणारे ३५; त्यांतले २० खरे. म्हणजे निम्म्याहून जास्त. पण १०० पैकी पाचांनाच तो आजार असेल, तर लक्षण दिसणाऱ्या २३ जणांत खरे फक्त चार. लक्षण तेच, डॉक्टरही तोच. बदलली ती दारात येणाऱ्या रोग्यांची गर्दी. अनुभवी डॉक्टर हे मनातल्या मनात जोखतो खरा, पण आठवणीत राहतात ते विलक्षण रोगी. रोजचे विसरले जातात.

लीड्सचे टिम डी डॉम्बल आणि त्यांचे सहकारी रोजच्या रोग्यांची मोजदाद करू लागले. दुखणे कुठे सुरू झाले, कुठे सरकले, हललाडुलला की वाढते का, असे ठरलेले प्रश्न, ठरलेला तक्ता. संगणकाने सात शक्यता तोलायच्या. ‘विशेष काही नाही’ हीसुद्धा त्यांतली एक, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक. १९७२ मध्ये ३०४ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला: संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर, वरिष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के. खऱ्या नोंदींऐवजी डॉक्टरांनी अंदाजाने सांगितलेले आकडे यंत्राला दिले, तेव्हा मात्र त्याचेही निदान घसरले.

गाजला तो यंत्राचा विजय. मला अधिक मोलाची वाटते ती १९७४ ची पुढची नोंद. प्रयोग चालू असताना खुद्द डॉक्टरांचेच निदान सुधारले होते. शस्त्रक्रियेआधी फुटलेल्या अपेंडिक्सचे प्रमाण ३६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले, विनाकारण उघडलेली पोटेही कमी झाली. याचे श्रेय संशोधकांनी संगणकाशी बोलताना अंगी बाणलेल्या शिस्तीला आणि त्याच्याकडून सतत मिळणाऱ्या प्रतिसादाला दिले. रोग्याला नीट विचारायचे, उत्तर लिहायचे आणि आपला अंदाज चुकला तर तो कळायची सोय ठेवायची, एवढीच ती शिस्त.

पुढे १९८६ मध्ये आठ केंद्रांतल्या १६,७३७ रोग्यांच्या अभ्यासातही पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेली. लीड्समध्ये मात्र पहिला प्रयोग संपला, तक्ते मिटले, आणि आकडे पूर्वपदाकडे वळले.