धुरातला निरोप

एप्रिल लागला की साकोली, गोंदिया, अर्जुनीच्या जंगलांत मोहफुलांचा सडा पडतो. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची जुनी रीत आहे. ठिणगी हाताबाहेर गेली, की पानगळीच्या रानात वणवा धावत सुटतो. तो विझवायला जाणाऱ्यांत वर्दीतली माणसं थोडी आणि रोजंदारीवरचे गावकरी जास्त.

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिरा अभयारण्यात वणवा भडकला. दिवसभर झुंजून आग आटोक्यात येत असतानाच जोराचा वारा सुटला, ज्वाळा पुन्हा उसळल्या आणि तीन वनमजूर त्यात सापडून गेले. आणखी दोघे गंभीर भाजले. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला तोवर हे सगळं रान भंडारा जिल्ह्याचंच होतं. आजही अभयारण्याचं पिटेझरी प्रवेशद्वार साकोली तालुक्यात आहे. त्या वणव्यानंतर सहाच दिवसांनी, १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा सप्ताह सुरू झाला. कर्तव्यावर प्राण गमावलेल्या जवानांना त्या दिवशी देशभर मानवंदना दिली जाते. त्या स्मरणात वनमजुरांचीही नावं यायला हवीत. आगीला भिडणारा माणूस कोणत्या खात्याच्या हजेरीपटावर आहे, यावरून त्याच्या मरणाची किंमत ठरू नये.

१४ एप्रिल ही तारीख मुंबईने दिली. १९४४ साली त्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि जवळपास चौदाशे टन स्फोटकं. धोक्याचा माल असल्याचं सांगणारा लाल बावटा जहाजावर चढवलेला नव्हता. धक्क्यावर कप्तान होता, बंदराचे आणि लष्कराचे अधिकारी होते, अग्निशमन दलाचे प्रमुखही होते. जहाज जागीच बुडवायचं की बाहेर न्यायचं, याचा एकमुखी निर्णय मात्र कोणाच्याच तोंडून निघेना. बंबवाले पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

‘आत काय आहे?’ हा त्या गोदीतला प्रश्न विदर्भाच्याही पाठीशी लागलेला आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात स्फोट झाला, तेव्हा मेलेल्यांत बहुतेक जण आग विझवायला धावलेले होते. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटाने इमारतीचं छत कोसळलं आणि आठ कामगारांचा बळी गेला. अशा ढिगाऱ्यावर पाय ठेवणाऱ्याला खाली किती माणसं आहेत हे जितकं कळायला हवं, तितकंच कोणता माल शिल्लक आहे हेही कळायला हवं. तो निरोप त्याच्याआधी पोचायला हवा.

दुसरा प्रश्न, आत गेलेला माणूस बाहेर आला की नाही, हा. त्याचं उत्तर शोधायला लंडनला दोन जीव मोजावे लागले. जानेवारी १९५८ मध्ये स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघरांत आग लागली. धुराने भरलेल्या त्या चक्रव्यूहात श्वसनयंत्र लावून उतरलेले दोन अग्निशामक परतलेच नाहीत. त्यानंतर ब्रिटनमध्ये नियम पक्का झाला: आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला दारावरच्या फळ्यावर लावायचा. तो किती वाजता गेला, सिलिंडरमध्ये हवा किती होती, केव्हा बाहेर यायला हवा, हे फळ्याजवळचा माणूस मांडत बसतो. हवा कमी झाली की यंत्राची शिट्टी वाजते. वेळेत बिल्ला घ्यायला कोणी आलं नाही, तर शोधाला दुसरी तुकडी निघते. वॉकीटॉकी बंद पडली तरी हा फळा बंद पडत नाही, म्हणून त्याचं मोल फार मोठं आहे.

वॉकीटॉकीच्या मर्यादा कामावरच्या माणसाला पाठ असतात. बटण दाबून बोलत असताना त्याच सेटवर समोरच्याचं ऐकू येत नाही. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. टेकडी किंवा सिमेंट काँक्रीटच्या भिंती आड आल्या की आवाज तुटतो आणि मध्ये तो पुढे पोचवणारा रिपीटर लागतो. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यात ३४३ अग्निशामक गेले. उत्तर मनोरा रिकामा करण्याचा वायरलेसवरचा हुकूम त्यांतल्या अनेकांपर्यंत पोचलाच नव्हता.

भंडाऱ्याने धुराचा सगळ्यात वाईट चेहरा पाहिला तो ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. अशा काळोख्या, कोंडलेल्या खोलीत शिरणाऱ्याला कोणत्या बाजूला कोण आहे, खिडकी कुठे आहे, हे बाहेरून कोणीतरी सांगत राहावं लागतं. हे शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर नागपुरातच आहे. १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालेली ही संस्था पुढच्याच वर्षी नागपूरला आली. देशभरचे अग्निशमन अधिकारी इथे घडले.

जंगलाच्या आगीकडे नव्या नजरेने पाहणंही विदर्भात जुनं आहे. १९८४ च्या सुमाराला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने वणवा नियंत्रणाचा पथदर्शी प्रकल्प देशात दोनच ठिकाणी सुरू झाला, हल्द्वानी आणि चंद्रपूर. आता उपग्रह आग टिपतात, भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर संदेश येतो. पण उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे सुमारे ३७५ मीटरचा चौकोन. वाऱ्याने कूस बदलली, हे त्या ठिपक्यातून वेळेवर कळत नाही. ते दिसतं उंचवट्यावर उभ्या माणसाला.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये १९९० च्या ‘ड्यूड’ वणव्यात सहा जण गेले, त्यानंतर पॉल ग्लीसन या तुकडीप्रमुखाने १९९१ मध्ये चार गोष्टी मांडल्या: टेहळ्या, संपर्क, पळवाट आणि सुरक्षित जागा. काम सुरू करण्याआधी चारही ठरलेल्या असाव्यात. नागझिऱ्याच्या रानात यासाठी परदेशी यंत्रं लागत नाहीत. पाठीवर पालापाचोळा उडवणारा ब्लोअर लावलेल्या मजुराला त्याच्या घरघरीत शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक टोळीत एकाच्या हातात ब्लोअर नसावा, वॉकीटॉकी असावी आणि नजर वाऱ्यावर असावी. जाळून मोकळा केलेला पट्टा कुठे आहे, हे टोळीतल्या नवख्यालाही निघण्याआधी दाखवलेलं असावं. आणि हे प्रशिक्षण मोहफुलं पडायला लागण्याआधी, फेब्रुवारीतच, रोजंदारीच्या मजुरांना मजुरी देऊन व्हावं.