गोंदियाची दोन जंक्शने : सायकलस्वाराची सुरक्षितता आणि उत्तरदायित्वाचा इतिहास

१

गोंदिया हे नाव महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांस रेल्वेच्या जंक्शनामुळे ठाऊक असते. नागपूर–छत्तीसगड रेल्वे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीकडे आली आणि मुंबई–हावडा मार्गावरील या गावाचे भवितव्य ठरले. पुढे जबलपूरकडे जाणारा फाटा निघाला, भातगिरण्या उभ्या राहिल्या, विड्यांचा धंदा वाढला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. ज्या लोहमार्गाने गाव वाढविले त्यानेच गावाचे दोन भाग केले. त्यामुळे एका भागातून दुसऱ्या भागात जाणारी सर्व रहदारी थोड्याच वाटांनी आणि थोड्याच चौकांतून होते.

इंग्रजीतील ‘जंक्शन’ हा शब्द मराठीने प्रथम रेल्वेसाठी स्वीकारला. रस्ते जेथे मिळतात त्या जागेस चौक, नाका, तिठा, चव्हाटा ही नावे आपल्याकडे आधीपासूनच होती. गोंदियातही जयस्तंभ चौक आहे, कुडवा नाका आहे, फुलचूर नाका आहे. यांपैकी ‘नाका’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जकात अथवा कर वसूल करण्याची जागा हा त्याचा जुना अर्थ होय. रस्त्यांच्या तोंडाशी सत्ता उभी राहिली ती प्रथम घेण्यासाठी. तेथून जाणाऱ्यास काही देणे लागते ही जाणीव फार पुढची आहे. प्रस्तुत लेखात या दोन प्रकारच्या जंक्शनांचा, म्हणजे रेल्वेच्या व रस्त्याच्या, उत्तरदायित्वाच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे. रस्त्याच्या जंक्शनावरील सर्वांत दुर्बळ वाहन सायकल हे असल्याने विचाराचा केंद्रबिंदू सायकलस्वार हा ठेवला आहे.

२

रेल्वेच्या बाबतीत एक तत्त्व फार लवकर मान्य झाले. गंभीर अपघात घडल्यास त्याची चौकशी झाली पाहिजे आणि ती करणारा अधिकारी रेल्वे चालविणाऱ्यांच्या अधीन असता कामा नये, हे ते तत्त्व होय. त्याचा पूर्वार्ध १८९० च्या रेल्वे कायद्याच्या काळापासून व्यवहारात होता. उत्तरार्ध मात्र १९४१ साली सिद्ध झाला. त्या वर्षी रेल्वेचे निरीक्षक रेल्वे बोर्डापासून अलग करण्यात आले. आज रेल्वे सुरक्षा आयुक्त हे रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या कक्षेत काम करतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याने आणखी एक गोष्ट केली. गाडीच्या अपघातात प्रवासी दगावला अथवा जखमी झाला तर रेल्वे प्रशासनाची चूक असो वा नसो, भरपाई देणे त्याच्यावर बंधनकारक केले.

याचा अर्थ असा की गोंदिया स्थानकाच्या हद्दीत गाडीचा गंभीर अपघात घडला तर रूळ, सिग्नल, सांधा, नियमपुस्तिका आणि चालक या सर्वांकडे पाहणारी एक स्वतंत्र नजर कायद्याने उपलब्ध आहे. स्थानकातून बाहेर पडून काही पावलांवरच्या चौकात सायकलस्वार चिरडला गेला तर अशी नजर उपलब्ध नाही. तेथे पंचनामा होतो, चालकावर गुन्हा नोंदविला जातो आणि रस्ता साक्षीदार म्हणूनही उभा राहत नाही.

३

हा भेद कसा उत्पन्न झाला हे पाहण्यासाठी भारतातील शासनाच्या दायित्वाचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. त्यातील पहिला महत्त्वाचा खटला रस्त्यावरच घडला, हा योगायोग बोलका आहे. कलकत्त्याजवळील खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील कामगार आगबोटीच्या दुरुस्तीसाठी एक अवजड लोखंडी भाग सार्वजनिक रस्त्यावरून नेत होते. समोरून घोडागाडी आली, लोखंड खाली पडले, त्या आवाजाने घोडे बिथरले आणि एक घोडा जखमी झाला. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीने ३५० रुपयांची मागणी केली. १८६१ साली मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरले. परंतु तसे करताना राज्याच्या सार्वभौम कार्यांसाठी सरकार जबाबदार नाही, इतर कार्यांसाठी आहे, असा भेदही मांडला. पुढील शंभर वर्षे भारतीय विधिविचार या भेदाभोवती फिरत राहिला.

स्वातंत्र्यानंतर उदयपूर येथे दुरुस्तीहून परत येणाऱ्या एका सरकारी जीपने पादचाऱ्यास धडक दिली व तो मरण पावला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती या खटल्यात राज्यास भरपाईस पात्र ठरविले. १९६६ साली दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळल्याच्या प्रकरणात तेथील महानगरपालिकेवर दायित्व आले; रस्त्यालगतची आपली वास्तू सुरक्षित ठेवणे हे तिचे कर्तव्य आहे असे न्यायालयाने मानले. मात्र १९९७ साली राजकोटच्या प्रकरणात, रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून मनुष्य मेला असताही, महानगरपालिका जबाबदार नाही असा निर्णय झाला. इंग्लंडमध्ये त्याआधी एकच वर्ष, स्टोव्हिन विरुद्ध वाइज या खटल्यात, प्रश्न प्रत्यक्ष एका धोकादायक जंक्शनाचा होता. शेजारच्या रेल्वेच्या जमिनीवरील उंचवट्यामुळे तेथे पुढचे दिसत नसे. काउंटीच्या परिषदेस हे माहीत होते, तिने रेल्वेशी पत्रव्यवहारही केला होता. पण उत्तर न आल्यावर प्रकरण तसेच राहिले आणि एका मोटारसायकलस्वारास गंभीर इजा झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी परिषदेची मुक्तता केली. केवळ माहिती असणे आणि काही न करणे याने दायित्व निर्माण होत नाही, हा त्या बहुमताचा आशय होता.

या निर्णयांतून एक सूत्र निघते. सरकारने काही चुकीचे केले तर ते सापडते. सरकारने काही केलेच नाही तर ते निसटते. धोकादायक चौकाचा दोष मात्र बहुधा न केलेल्या गोष्टींत असतो. सिग्नल बसविला नाही, वळणाची त्रिज्या कमी केली नाही, अतिक्रमण काढले नाही, सायकलसाठी जागा राखली नाही, हे त्याचे स्वरूप असते.

४

मोटार अपघातांच्या कायद्याने हे निसटणे अधिकच सोपे केले. १९५६ च्या दुरुस्तीने १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. पीडितांना दिवाणी न्यायालयांच्या दिरंगाईतून सोडविणारी ती मोठीच सुधारणा होती. परंतु या न्यायाधिकरणांचा अधिकार ‘मोटार वाहनाच्या वापरातून’ उद्भवलेल्या अपघातांपुरता ठरला आणि १९८८ च्या कायद्यातही तो तसाच राहिला. परिणामी दाव्यात चालक, मालक व विमा कंपनी हे तिघे नेहमीचे पक्षकार झाले. रस्ता बांधणारे खाते त्या यादीत नैसर्गिकपणे येतच नाही.

सायकलचे कायद्यातील स्थान तर याहून विलक्षण आहे. ती यांत्रिक शक्तीने चालत नसल्यामुळे मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ५७ व्या नोंदीत, यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या व न चालणाऱ्या अशा दोन्ही वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांस दिलेला आहे. अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पावतीदाखल पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसल्यास अथवा डबलसीट बसल्यास पोलीस दंड करीत. म्हणजे कर देणारा व दंड भरणारा म्हणून सायकलस्वार शासनास ओळखीचा होता. रस्त्यावर हक्क सांगणारा म्हणून त्याची ओळख मात्र फार उशिरा झाली.

५

येथे भाषेच्या अभ्यासकास काही सांगण्याजोगे आहे. ‘अपघात’ या शब्दाच्या मुळाशी ‘हन्’ धातू आहे. घात म्हटला की घात करणारा कोणी तरी आलाच. आजच्या वापरात हा कर्ता पुसला गेला असून दैवयोगाने घडलेली दुर्घटना एवढाच अर्थ उरला आहे. वृत्तपत्रांतील व पंचनाम्यांतील नेहमीची वाक्ये पाहावीत. ‘सायकलस्वार ट्रकखाली आला’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता मृत मनुष्यच आहे. ‘चालकाचा ताबा सुटला’ यात ताबा हाच कर्ता आहे. ‘ट्रकच्या धडकेत विद्यार्थिनी ठार’ यात निदान ट्रक तरी दिसतो. परंतु चौक, रस्ता अथवा तो आखणारे खाते हे यांपैकी एकाही वाक्यात येत नाही. ही वाक्ये कोणी कपटाने रचलेली नाहीत, रूढीने ती अशी पडली आहेत. तथापि चौकशीची दिशा प्रथम वाक्यातच ठरते हे विसरता येत नाही.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक लोक मरण पावले. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पत्रकार विक लांगनहॉफ यांची मुलगी अशाच रीतीने गेली. त्यांनी १९७२ साली लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यात ‘बालहत्या थांबवा’ अशी हाक होती आणि तेच पुढे चळवळीचे नाव झाले. त्यांनी अपघात हा शब्द टाकून हत्या हा शब्द घेतला, तेव्हा ‘कोणी केली?’ हा प्रश्न अपरिहार्य झाला. त्या देशातील चौकांची रचना पुढील दशकांत बदलली, त्यामागे इंधनटंचाईसारखी इतर कारणेही होती. पण प्रश्न नगररचनाकारांस व शासनास विचारला गेला, ही त्यातील मूळ गोष्ट होय. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली स्वीकारलेल्या धोरणात तर मार्गव्यवस्था आखणाऱ्यांवरच सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी ठेवली आहे.

‘जबाबदार’ या आपल्या शब्दातही हेच अभिप्रेत आहे. ज्याच्यापाशी जबाब आहे तो जबाबदार. पण जबाब हा सवालाशिवाय संभवत नाही. सवाल करण्याचा अधिकार कोणाला व केव्हा, हा उत्तरदायित्वाचा खरा प्रश्न आहे.

६

अलीकडच्या काळात कायद्याने हा सवाल विचारण्यास वाव दिला आहे. खड्ड्यांविषयीच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली, सुस्थितीतील रस्ता हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्याच्या १९८-अ या कलमाने रस्त्याची आखणी, बांधणी व देखभाल करणारे प्राधिकरण, कंत्राटदार व सल्लागार यांनी विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. रक्कम अल्प आहे. परंतु न्यायालयाने काय पाहावे याची जी सूची त्या कलमात आहे ती मोलाची आहे. त्या रस्त्यावर कोणत्या प्रकारची रहदारी अपेक्षित होती? धोका आहे हे प्राधिकरणास माहीत होते काय, वा माहीत असावयास हवे होते काय? इशाऱ्याचे फलक होते काय?

यातील पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर गोंदियात शासनानेच देऊन ठेवले आहे. राज्याचा मानव विकास कार्यक्रम २००६ साली मानव विकास निर्देशांकात मागे असलेल्या बारा जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत गोंदिया होता. पुढे २०११ साली त्याचा विस्तार झाला आणि आठवी ते बारावीतील, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्यात येऊ लागल्या. मुलींचे शिक्षण मध्येच सुटू नये हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. परंतु त्याचा एक विधिविषयक परिणामही आहे. ज्या शासनाने मुलीच्या हाती सायकल दिली, त्यास या रस्त्यावर सायकली येतील याची कल्पना नव्हती असे म्हणता येणार नाही. एका खात्याने सायकल दिली आणि दुसऱ्याने चौक आखला, हे उत्तर शासनाच्या अंतर्गत सोयीचे आहे. नागरिकापुढे शासन एकच असते.

‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’ हा रस्त्याकडेचा फलकही या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्याचा पूर्वार्ध प्राधिकरणास धोका माहीत असल्याची लेखी कबुली आहे. उत्तरार्ध तो धोका टाळण्याचे काम वाटसरूवर सोपवितो. इशारा दिला होता हा बचाव फलकातून मिळू शकतो हे खरे. पण पाचपाच वर्षे तोच फलक त्याच जागी उभा असेल तर तो बचाव राहत नाही, पुरावा होतो.

७

तरीही एक मूलभूत उणीव शिल्लक आहे. वरील सर्व उपाय मृत्यूनंतरचे आहेत. राष्ट्रीय महामार्गावरील ‘ब्लॅक स्पॉट’ची शासकीय व्याख्याच अशी आहे की सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू, व्हावयास हवेत. तोवर ते स्थळ यादीत येत नाही. सायकलस्वार भिऊन जो चौक टाळू लागतात, त्याची तर नोंदच होणार नाही. तेथे कोणी मरत नाही, कारण तेथून कोणी जात नाही.

म्हणून रेल्वेच्या जंक्शनाकडून रस्त्याच्या जंक्शनाने दोन गोष्टी घ्यावयास हव्यात. पहिली, चौकवार नोंदवही. प्रत्येक चौकाचा रस्ता नगरपरिषदेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की महामार्ग प्राधिकरणाचा, सिग्नल कोणाकडे, अतिक्रमण हटविणे कोणाकडे, हे पदनामासह नोंदलेले असावे. दुसरी, अपघातानंतर रस्त्याची चौकशी रस्ता बांधणाऱ्याखेरीज अन्य अधिकाऱ्याने करावी आणि तिचा अहवाल प्रसिद्ध व्हावा. मोटार वाहन कायद्याच्या २१५ व्या कलमात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहेच. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना पादचारी व बिगरयांत्रिक वाहनांविषयीचे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले आहे. या नियमांत वरील दोन गोष्टींना स्थान मिळाले तर समितीच्या हाती काही साधन येईल. न मिळाले तर नियम केवळ सायकलस्वारास शिस्त लावणारे होण्याचा धोका आहे. जुन्या बिल्ल्याचा इतिहास पाहता ही भीती निराधार नाही.

पदव्युत्तर अभ्यासकांस येथे कामाचे विस्तृत क्षेत्र आहे. पंचनाम्यांची भाषा, जिल्हा समितीची इतिवृत्ते, नागरिकांचे अर्ज व त्यांना मिळालेली उत्तरे ही साधने २००५ च्या माहितीच्या अधिकारामुळे बऱ्याच अंशी उपलब्ध होऊ शकतात. एखाद्या चौकाविषयी पहिला अर्ज केव्हा आला, त्याला उत्तर कोणी दिले आणि त्यानंतर तेथे काय घडले, एवढे तीन रकाने जरी गोंदियातील दहा चौकांसाठी भरता आले, तरी कोणास काय माहीत होते व केव्हापासून, याचा निर्णय अनुमानावर सोडावा लागणार नाही.