ड्रोनने सीमा ओलांडली की तणाव का वाढतो?

२९ सप्टेंबर २०१६. सर्जिकल स्ट्राइकनंतर काही तासांतच बोरविहीरचे (जि. धुळे) जवान चंदू चव्हाण चुकून नियंत्रण रेषेपलीकडे गेले. दोन्ही लष्करांच्या मोहीमप्रमुखांमधल्या (डीजीएमओ) हॉटलाइनवरून भारताने पाकिस्तानला तसं कळवलं. २१ जानेवारी २०१७ ला ते परतले.

माणूस चुकून आला हे सांगता तरी येतं. ड्रोन टेहळणीला आलाय की स्फोटकं घेऊन, हे खालून कळत नाही. म्हणून तो पाडतात. पाडताना आपली यंत्रणा कुठे आहे तेही उघड होतं. शिवाय पायलटचा जीव जात नाही, त्यामुळे पाठवणारा फारसा कचरत नाही.

ऑपरेशन सिंदूरनंतर, ८-९ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचं भारताने सांगितलं. पुढच्या रात्री हवाई तळांवर हल्ले झाले. १० मे ला दुपारी ३.३५ ला पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन आला आणि ५ वाजल्यापासून मारा थांबवायचं ठरलं.