चाकावर गुंडाळलेला प्रतिध्वनी

कॅलिफोर्नियातल्या स्ट्रायमन कंपनीने २०१९ साली ‘वोलान्ते’ नावाचे गिटार पेडल काढले. त्यावर ‘वेअर’ नावाचा एक नॉब आहे. वेअर म्हणजे झीज. नॉब फिरवावा तसा प्रतिध्वनी मळत, विरत जातो. ‘मेकॅनिक्स’ नावाचा दुसरा नॉब फिरवला तर सूर किंचित डुलू लागतो आणि आतली मोटार एकसारखी फिरत नसावी असा भास होतो. आत मोटार नाहीच. आहे ती चिप, आणि तिच्यात ना काही झिजते ना काही डुलते. कंपनीने बिघाड मुद्दाम घडवून विकायचा आणि गिटारवाल्यांनी त्याचे हौसेने पैसे मोजायचे, हा प्रकार समजून घ्यायचा तर इटलीतल्या मिलान शहरातल्या एका जुन्या यंत्राची कुळी काढावी लागते.

त्या यंत्राचे नाव बिन्सन इकोरेक. पेडलवाल्यांच्या बोलीत तो ‘ड्रम इको’. हा ड्रम वाजवायचा नव्हे. धातूचे, सतत फिरणारे चाक.

चाकाचा मूळपुरुष मात्र डेन्मार्कचा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या वाल्डेमार पौल्सेन या तरुणाने १८९८ साली ‘टेलिग्राफोन’चे पेटंट घेतले. नळकांड्यावर पोलादी तार गुंडाळलेली आणि तिच्यावरून सरकणारा एक छोटा विद्युतचुंबक. समोर बोलले की तारेत चुंबकीय खुणा उमटत, आणि तोच चुंबक पुन्हा फिरवला की बोलणे ऐकू येई. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोझेफ या यंत्रापुढे बोलला. ते ध्वनिमुद्रण अजून शिल्लक आहे. पण हा आवाज मोठा करणारे व्हॉल्व्ह अजून जन्मायचे होते. कानाला रिसीव्हर लावून ऐकायच्या यंत्राला गिऱ्हाईक कितीसे मिळणार? पुढे १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन आला आणि तारेच्या जागी फीत बसली.

फितीवर प्रतिध्वनी काढायची युक्ती सोपी होती. रेकॉर्डिंगचे हेड आणि प्लेबॅकचे हेड यांच्यात थोडे अंतर असते. तेवढे अंतर कापायला फितीला जो वेळ लागतो, तेवढ्या उशिराने आवाज पुन्हा ऐकू येतो. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्सने एल्विसच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डांवर हीच युक्ती वापरली. इलिनॉयमधल्या रे बट्सने फितीचे वेटोळे थेट अॅम्प्लिफायरच्या पोटातच बसवले. एल्विसचा गिटारवादक स्कॉटी मूर याने १९५५ साली त्यातला एक विकत घेतला. १९५८ साली लंडनच्या चार्ली वॉटकिन्सचे ‘कॉपीकॅट’ आले. या साऱ्यांचे दुखणे एकच. फीत ताणली जाते, घासून गुळगुळीत होते, जोडाची जागा हेडखालून जाताना आवाज अडखळतो, आणि कधीतरी ऐन कार्यक्रमात ती तुटते.

मिलानच्या बोन्फील्यो बिनी यांच्या बिन्सन कंपनीने फीतच काढून टाकली. धातूचे जड चाक घेतले, त्याच्या कडेवर बारीक पोलादी तार शेजारीशेजारी घट्ट गुंडाळली, आणि चाकाभोवती हेडे बसवली : एक मुद्रण करणारे, चार ऐकवणारे, एक पुसणारे. पौल्सेनची तार आणि नळकांडे अर्ध्या शतकानंतर असे पुन्हा कामाला लागले. रहाटगाडग्याची मडकी जशी खाली भरतात, वर रिकामी होतात आणि पुन्हा भरायला खाली जातात, तसे या तारेचे. मुद्रणाच्या हेडपाशी ती सूर भरून घेते, चार ठिकाणी तो ऐकवते, पुसणाऱ्या हेडखालून कोरी होऊन निघते, आणि लगेच पुढचा सूर घ्यायला हजर होते. ताणायला काही नाही, तुटायला काही नाही. चाकाच्या वजनामुळे गती बऱ्यापैकी स्थिर राहते.

चारही हेडे सारख्या अंतरावर होती, आणि इकोरेकचे सारे संगीत या एका गोष्टीतून निघाले. पहिल्या हेडवर सूर जवळपास ७५ मिलिसेकंदांनी परततो, दुसऱ्यावर १५०, तिसऱ्यावर २२५ आणि चौथ्यावर ३००. पुढच्या पट्टीवर बारा खाचांचा एक स्विच असे. त्यातून कधी एकटे चौथे हेड निवडायचे, कधी पहिले-तिसरे मिळून, कधी आणखी काही. एकाहून अधिक हेडे लावली की वाजवलेल्या एका सुरामागून प्रतिध्वनींचा छोटासा ठेकाच येतो. दुसऱ्या स्विचवर तीन प्रकार : एकदाच परतणारा ‘इको’, पुन्हापुन्हा येणारा ‘रिपीट’, आणि सगळे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून मोठ्या दालनासारखे घुमवणारा ‘स्वेल’. आवाज किती आत घ्यायचा ते दाखवायला हिरवा लुकलुकणारा ‘मॅजिक आय’, आणि पोटात व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हांमुळे परतणारा सूर मुळापेक्षा जाड आणि उबदार होई.

आपल्याकडे इको म्हटले की ऑर्केस्ट्राच्या निवेदकाचा माइक आठवतो, ज्याच्यात ‘रसिकहो’ची चार ‘रसिकहो’ होत. तिथे प्रतिध्वनी म्हणजे मिरवणूक असे. इकोरेकचे खरे कर्तृत्व दुसरे आहे. काही वादकांनी त्याला साथीदारासारखे वागवले.

पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेट हा त्यातला आधीचा. १९६८ साली डेव्हिड गिल्मोर त्या गटात आला आणि त्याने इकोरेक वर्षानुवर्षे सोडला नाही. १९७१च्या ‘मेडल’ या अल्बमची सुरुवात ‘वन ऑफ दीज डेज’ने होते. वाऱ्याच्या घोंगावण्यातून बास गिटार येते. ऐकताना वाटते की वादक फार भराभर वाजवतो आहे. तसे नाही. तो मोजकेच सूर छेडतो आणि मधल्या जागा चाक भरून काढते. म्हणजे चालीचा वेग ठरला चाकाच्या गतीवरून, आणि वादकाने तिच्याशी जमवून घेतले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पिंक फ्लॉइडच्या चौघांनी पॉम्पेच्या प्राचीन रंगमंडलात, प्रेक्षकांविना, एक चित्रपट चित्रित केला. त्यात ही यंत्रे वाद्यांच्या शेजारी बसलेली दिसतात. ‘डार्क साइड ऑफ द मून’मधल्या ‘टाइम’च्या सोलोतही तेच चाक फिरते आहे.

लेड झेपलिनची गोष्ट तर त्याहून मजेची. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी ड्रमवादक जॉन बोनमचा ड्रमसेट इंग्लंडातल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या पायथ्याशी मांडला होता. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने वरच्या मजल्यावरून दोन मायक्रोफोन खाली सोडले, त्यांचा आवाज जोरात दाबला, आणि गिटारवादक जिमी पेजच्या इकोरेकमधून काढला. बोनमचे ठोके भलेमोठे, सुस्त आणि भयंकर वाटतात, त्यात जिन्याचा वाटा आहे आणि चाकाचाही. गिटारसाठी घेतलेल्या यंत्राची ही कामगिरी मला सगळ्यांत मोठी वाटते. पुढे हिपहॉपवाल्यांनी ते ठोके उचलून आपापल्या गाण्यांत वापरले, तेव्हा न कळत मिलानचे चाकही उचलले.

चाकाचा उतार मात्र लवकर आला. यंत्र जड, महाग. तेलपाणी हवे, चाक फिरवणाऱ्या रबरी चकतीची झीज पाहायला हवी, हेडे तारेपासून केसभर अंतरावर ठेवायला हवीत. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सांगस्टर आणि टेअर यांनी १९६९ साली अशी चिप शोधली होती, जी विद्युतभार एका घरातून पुढच्या घरात ढकलत आवाजाला उशीर लावते. तिच्यामुळे इको डबीत मावू लागला. १९८०च्या दशकात डिजिटल पेडले आली, आणि सूर जसाच्या तसा, स्वच्छ परत येऊ लागला.

स्वच्छ परतलेला सूर कंटाळवाणा वाटतो, हे तेव्हा कळले. मूळ सुराशी तो भांडत राहतो. चाकावरून आलेला सूर थोडा मळलेला असतो, म्हणून तो मागे उभा राहतो आणि वादकाला जागा देतो. म्हणून मग उलटा प्रवास सुरू झाला. अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या कॅटलिनब्रेडने ‘इकोरेक’ याच नावाचे पेडल काढले, क्रोएशियाच्या डॉनर प्रिन्सने ‘बूनार’, आणि नंतर ‘वोलान्ते’. कॅटलिनब्रेडने तर बारा खाचांचा स्विचही तसाच ठेवला. चिपला हेड कुठेही बसवता येते, तिला सारख्या अंतराची सक्ती नाही. तरी कॅटलिनब्रेडने ती पाळली, आणि माझ्या मते ते शहाणपण आहे. झीज आणि डुलणे हे वरचे रंग. इकोरेकची ओळख त्या चार अंतरांत आहे. बिनींनी तर झीज टाळण्यासाठीच हा खटाटोप केला होता, म्हणून झिजेचा नॉब टोकाला नेऊन ‘विंटेज’ आवाज मिळाल्याचा आनंद मानणाऱ्यांचे मला नवल वाटते.

यातले एखादे पेडल घ्यायचा विचार असेल तर आधी ‘मेडल’चे पहिले गाणे हेडफोनवर ऐका. मग दुकानात जाऊन एकटे चौथे हेड लावा, वेळ ३०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा आणि मोजके सूर वाजवून मधली जागा रिकामी सोडून बघा. ती सोडवत नसेल तर पेडल घेऊ नका. साधा डिजिटल डिले त्याहून स्वस्त पडतो.