जमातीच्या बैठकीत मतभेद कसे हाताळावेत?

जमातीची बैठक बहुतेक ठिकाणी सारखीच बिघडते. विषय असतो मशिदीच्या पंख्यांचा, कब्रस्तानच्या कुंपणाचा किंवा मकतबच्या वेळेचा. एक जण म्हणतो, "हे असं नको." दुसरा म्हणतो, "तुला काय कळतं त्यातलं?" मग पंखे राहतात बाजूला आणि एकमेकांची घराणी निघतात. पुढच्या वेळी तरुण येत नाहीत, मोहल्ल्यात नवीन आलेलं कुटुंबही येत नाही. मतभेद कसा करावा, याचे आदाब आपल्याकडे जुने आहेत. ते इथे थोडक्यात देत आहोत.

कुरआनची शिकवण

सूरह हुजुरात (49) मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. आयत 6 सांगते की बातमी कानावर आली तर आधी खातरजमा करा. आयत 11 मध्ये थट्टा, टोमणे आणि वाईट टोपणनावांना मनाई आहे, आणि तिथे पुरुष व स्त्रिया या दोघांचा वेगळा उल्लेख आहे. आयत 12 वाईट संशय, पाळत आणि गीबत यांपासून रोखते.

असरच्या नमाजचा प्रसंग

5 हिजरी (इ.स. 627) मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना सांगितले की असरची नमाज बनू कुरैझाच्या वस्तीतच अदा करावी. वाटेतच वेळ झाली. काहींनी शब्दाला धरून नमाज पुढे ठेवली. काहींनी 'लवकर निघा, एवढाच अर्थ आहे' असे समजून वाटेतच अदा केली. प्रेषितांना हे कळले तेव्हा त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. ही हदीस सहीह बुखारीत आहे.

उस्ताद आणि शागिर्द

इमाम अबू हनीफा (वफात 150 हि.) यांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी अनेक मसल्यांत उस्तादांपेक्षा वेगळे मत दिले. असरची वेळ कधी सुरू होते, हा त्यातलाच एक मसला. तरी हनफी फिकहमध्ये तिघांची मते शेजारी-शेजारी नोंदली गेली. इमाम शाफई (वफात 204 हि.) हे इमाम मालिक यांच्याकडे शिकले, इमाम मुहम्मद यांच्याकडेही शिकले, आणि शेवटी स्वतःचे वेगळे मत मांडले. त्यांच्याकडे शिकलेले इमाम अहमद यांचा मसलक पुन्हा वेगळा.

आपल्या कोकणात

कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, तर घाटावरचे बहुतांशी हनफी. शाफई मशिदीत असरची अजान लवकर होते, फजरला कुनूत पढली जाते. घाटावरून आलेला हनफी पाहुणा त्या वेळी शांत उभा राहतो, आणि नमाज सगळ्यांची एकत्रच होते. नमाजसारख्या बाबतीत हे जमतं, तर पंख्यांच्या बाबतीत का जमू नये?

बैठकीत पाळण्याजोगे

- सदर आधी विषय सांगतील. विषयाबाहेरचं बोलणं पुढच्या बैठकीसाठी लिहून ठेवावं.
- बोलणाऱ्याचं पूर्ण ऐकावं. मध्ये तोडू नये.
- उत्तर मुद्द्याला द्यावं, माणसाला नाही. "तुमचं म्हणणं पटत नाही, कारण..." असं म्हणावं. घराणं, शिक्षण, मसलक काढू नये.
- "लोक म्हणतात" हा पुरावा नव्हे. हिशेबाचा संशय असेल तर वही मागावी, आरोप करू नये.
- नवीन माणसाला, तरुणांना आणि भगिनींना सदरांनी स्वतः विचारावं, "आपलं काय मत आहे?"
- कोणी चुकलं तर चारचौघांत पाणउतारा न करता नंतर बाजूला घेऊन सांगावं.
- आवाज चढले तर बैठक थांबवावी. एक चहा होऊ द्यावा, मग पुन्हा बसावं.
- निर्णय झाला की वेगळं मत असणाऱ्यांनीही कामाला हातभार लावावा. त्यांचं मत मात्र वहीत नोंदवावं.

एवढं करून सगळ्यांचं एकमत होईलच असं नाही. पण बैठकीतून उठताना सलाम करता आला, आणि पुढच्या बैठकीला तीच माणसं पुन्हा आली, तर आमच्या मते बैठक यशस्वी झाली.