विमानाचे पाय

चंडीगढच्या सेक्टर १८ मध्ये सरकारी मुद्रणालयाची इमारत आहे. तीत ८ मे २०२३ रोजी भारतीय हवाई दलाचे वारसा-केंद्र उघडले. तेथे एका इंजिनाचे एक साधे विमान उभे आहे. त्याचे नाव ‘कानपूर-१’. एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग ह्यांनी १९५८ साली कानपूर येथे त्याची रचना केली आणि हवाई दलाच्या कर्मशाळेत ते घडविले. पाहणाराची दृष्टी सहज पंखांकडे जाते; मी मात्र श्रोत्यांना त्याच्या पायांकडे पाहण्याची विनंती करणार आहे. पुढे दोन मोठी चाके, शेपटीखाली एक लहानसे. त्यामुळे विमान नाक वर करून बसल्यासारखे दिसते. ही बैठक निव्वळ जुनी तऱ्हा नव्हे.

१९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले तेव्हा त्याला चाके नव्हतीच. किटी हॉकच्या वाळूत चाके रुतली असती. म्हणून ते लाकडी रुळावरून सुटे आणि घसरदांड्यांवर उतरे. पुढे विमाने गवताळ मैदानांवरून उडू लागली, तेव्हा पुढे दोन चाके आणि शेपटीला एक दांडी अशी रचना रूढ झाली. ती दांडी मातीत घासून वेग आवरी. फरसबंद धावपट्ट्या आल्या आणि दांडीच्या जागी चाक आले. पायांत बदल झाला तो असा जमिनीमुळे.

नाकाखाली चाक असलेली विमाने आरंभापासून होती; परंतु लहान विमानांत ती सार्वत्रिक झाली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९५६ साली बाजारात आलेले सेस्ना १७२ हे त्यांतले सर्वांत परिचित. ह्या दोन रचनांतला भेद हातगाडीवरून कळतो. गाडी पुढून ओढली तर मुकाट मागे येते. मागून ढकलली तर जरा तोंड वळताच आडवी होऊ पाहते. शेपटीच्या चाकाच्या विमानात वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. उतरताना विमान किंचित वाकडे झाले, तर मागचा भार पुढे येण्यास धावतो आणि विमान गर्रकन फिरते. वैमानिकाचे पाय क्षणभरही स्वस्थ राहू शकत नाहीत. नाकाच्या चाकाच्या विमानात तो मध्य मोठ्या चाकांच्या पुढे येतो, आणि विमान आपण होऊन सरळ धावू पाहते.

मग कोणी शेपटीचे चाक का पत्करावे? कारण ते हलके असते, हवेला कमी अडते, आणि पंख्याला दगडधोंड्यांपासून दूर ठेवते. नाकाखालचा पाय खाचखळग्यात अडकला तर मोडतो. चाके पोटात ओढून घेण्याची सोय वेगवान विमानास लाभते. मंद विमानात तिचे वजन आणि गुंतागुंत बहुधा परवडत नाही. थोडक्यात, प्रश्न ओझ्याचा आहे. शेपटीचे चाक ते वैमानिकाच्या कौशल्यावर टाकते, नाकाचे चाक जमिनीच्या सपाटपणावर. अमेरिकेतील ‘व्हॅन्स’ कंपनी घरी विमान बांधणाऱ्यांना आरव्ही-६ चे सुटे भाग देई, तेव्हा दोन्ही पर्याय ठेवी, निवड बांधणाऱ्याची.

आपल्याकडे १९५८ साली उडालेले ‘पुष्पक’ आणि त्यापासून घडलेले ‘कृषक’ ही दोन्ही शेपटीच्या चाकाची. लष्कराच्या टेहळणीस लागणारे विमान उखडलेल्या माळावरही उतरले पाहिजे, हा हिशेब त्यात होता. लष्कराने अखेर ‘कृषक’ पत्करले. ‘कानपूर’चे कारखान्यात उत्पादन झाले नाही.

तरी हे विमान चंडीगढला यावे हे उचितच. हरजिंदर सिंग लाहोरच्या मॅक्लॅगन अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. तेथून ते हवाई दलात साधे ‘हवाई सिपाही’ म्हणून शिरले. फाळणीनंतर त्या महाविद्यालयाची परंपरा १९५३ साली चंडीगढला स्थिरावली, आणि त्याच पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयाने हे विमान अनेक वर्षे सांभाळले.

आपल्या मुंबईतही अमोल यादव ह्या वैमानिकाने घराच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली ते लोकांनी पाहिले. अशा प्रत्येक कारागिरास आकाशाच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: मी उतरणार आहे ती जमीन कशी आहे? आणि ती वाईट असेल, तर तिचे ओझे वाहण्याइतका तयार वैमानिक माझ्यापाशी आहे काय?