परकोट, शकुंतला आणि आमची एक दिवसाची सहल

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी सातवी पास झालेली बाई. इतिहास लिहावा तो शिकल्यासवरल्या माणसांनी. परंतु गेल्या जून महिन्यात आम्ही घरची पाच माणसे मुर्तिजापुराहून अमरावतीस जुन्या वास्तू पाहण्यास गेलो होतो. त्या दिवसाची हकीकत भगिनींना सांगावी असे मनाने घेतले.

निमित्त झाले धाकट्या चिरंजीवांचे. शाळेच्या सहलीत त्याने नागपूरचा अजब बंगला पाहिला. १८६३ साली स्थापन झालेले ते संग्रहालय पाहून स्वारी घरी आली ती एकच प्रश्न घेऊन, "आपल्या वऱ्हाडात असं काही नाही का?" थोरली मुलगी नुकतीच बारावी पास झाली होती. ती म्हणाली, "आहे. चला, मी दाखवते." सासूबाई म्हणाल्या, "पडकी भिताडं पाहाले पैसे कायले खर्चता?" पण अंबादेवीचे दर्शन घडेल म्हटल्यावर त्याही निघाल्या.

मुलीने आम्हांला आधी आपल्याच स्टेशनात उभे केले, आपल्या शकुंतलेच्या रुळांजवळ. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. किलिक निक्सन या विलायती कंपनीची ही अरुंद गाडी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिला ओढत होते. वऱ्हाडचा कापूस या फाट्यांवरून मोठ्या लाइनीला यायचा, तेथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत. इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले, ते फौजेच्या थकलेल्या खर्चापायी. पुढे १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. कापूस नसता तर आपल्या गावाला जंक्शन कोण म्हणते? आता शकुंतलेची प्रवासी गाडी बंद आहे आणि रुळांत गवत माजले आहे.

मी तेथे काही बोलले नाही. माझे माहेर दर्यापूरकडचे, त्याच लाइनीवरचे.

बडनेऱ्याहून अमरावतीस पोचलो. देवीची ओटी भरली आणि जवळच्याच अंबा गेटपाशी आलो. अमरावतीचा परकोट बांधण्यास निजाम सरकारने १८०७ साली आरंभ केला, तो पेंढाऱ्यांपासून श्रीमंत व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून. भिंतीची उंची वीस ते सव्वीस फूट आणि घेर सव्वादोन मैल. तिला अंबा, नागपुरी, भुसारी, खोलापुरी असे पाच दरवाजे आणि पटेल, माता, छत्रपुरी, खुनारी या चार खिडक्या. खुनारीजवळ एका मोठ्या मारामारीत पुष्कळ माणसे पडली, म्हणून तिचे नाव तसे. ठिकठिकाणी भिंतीला घरे चिकटली आहेत. कोठे दोरीवर लुगडी वाळत होती.

सासूबाईंनी विचारले, "मंग ते पेंढारी कुठं गेले?"

ह्यांनी सांगितले की, इंग्रजांनी १८१७-१८ साली त्यांचा बंदोबस्त केला.

"मंग भीत कायले ठेवली?"

आम्ही सारे हसलो. सासूबाईही हसल्या.

सावलीला बसून पोळी, ठेचा आणि कांदा खाल्ला. चिरंजीवांना मुलीने सांगितले की, १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन याच शहरी भरले होते. अध्यक्ष शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. लोकमान्य तेव्हा तुरुंगात होते.

शेवटी मुलीने आम्हांला एका जुन्या कॉलेजात नेले. १९२३ साली ते किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघाले, पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. आज त्यास शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणतात. व्हरांड्यात पोरीपोरांची ये-जा चालली होती. चिरंजीव म्हणाले, "ही वास्तू तर चालू आहे!" तेवढ्यात मुलीने पिशवीतून प्रवेशाचा अर्ज काढला. "आजी, मला इथे बी.एस्सी.ला नाव घालायचे आहे."

तेव्हा उमगले की सारी सहल या अर्जासाठीच रचलेली होती. सासूबाईंचा चेहरा उतरला. "बारावी लय झाली. पोरीची जात रोज गाडीनं जाईन, तर लोक काय म्हनतीन?" ह्यांनी माझ्याकडे पाहिले.

भगिनींनो, बावीस वर्षांच्या संसारात सासूबाईंना मी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटले, "सासूबाई, गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दर्यापूरला. शकुंतलेचे भाडे अगदी थोडे. पण बाबांनी हेच शब्द काढले होते. मी शेतात कापूस वेचत असायची आणि गाडी शिट्टी वाजवीत जायची, त्यात गावची मुले शाळेला बसलेली. इंजिन दिसेनासे होईपर्यंत मी पाहत राही. आता ती गाडीही नाही."

कोणी काही बोलले नाही. सासूबाई पायरीवर बसून राहिल्या, पदराने तोंड पुसले. मग ह्यांना म्हणाल्या, "तिचा गाडीचा पास काढून दे मंग."

पेंढारी गेले तरी भिंत उभी राहते. आपल्या घरांतूनही अशा भिंती असतात. त्या कोणाच्या भयाने बांधल्या, हे एकदा विचारून पाहावे.

मुलगी आता रोज सकाळच्या गाडीने जाते. तिचा डबा मी भरते आणि पास घेतला की नाही, हे सासूबाई दारात उभ्या राहून विचारतात.